आईची पत्रं फाइलमध्येच राहिली

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सिडनीतल्या माझ्या नोकरीबद्दल ओझरतं लिहिलं होतं. सरकारी अभिलेखागाराच्या वाचनकक्षात, काउंटरच्या आतल्या बाजूला मी सतरा वर्षं काढली. लोक जुन्या फाइली बघायला यायचे, मी खोकी आणून द्यायचे. त्यातली बरीच माणसं ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाची मूळनिवासी असायची, आणि बरीचशी लहानपणी आईबापांपासून तोडलेली. एवढ्या चार ओळींवर एकवीस पत्रं आली. चार निवडली आहेत. भुसावळच्या वाचकांच्या अक्षरापुढे मी हात टेकले, त्यांनी कृपा करून पुन्हा लिहावं.

प्रश्न : माझी आई नगरच्या मिशनच्या शाळेत, बोर्डिंगात राहून शिकली आणि पुढे शिक्षिका झाली. आमच्या घरात ‘मिशन’ हा शब्द मानाने घेतात. गेल्या वर्षी मी मुलीकडे सिडनीला होते. २६ मे रोजी नातवाच्या शाळेत ‘सॉरी डे’, म्हणजे आईबापांपासून तोडलेल्या मुलांच्या आठवणीचा दिवस, झाला. घरी येऊन तो म्हणाला, “आजी, मिशनवाल्यांनी मुलं चोरली होती.” मला काय बोलावं सुचेना. मग मिशनरी चांगले की वाईट?
— एक आजी, वाई

उत्तर : तुम्हाला आजी म्हणणं मला शोभणार नाही, मीही त्याच वयाकडे चालले आहे. ताई म्हणते.

ताई, आधी शब्दाचाच घोळ सोडवू. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे तिथे, म्हातारी माणसं ‘मिश’ म्हणतात. “मी अमुक मिशवर जन्मलो.” नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, म्हणजे तिथे चर्च असणार, फादर असणार. पुष्कळदा तसं काही नसायचं. ती सरकारी वस्ती असायची, पगारी मॅनेजरच्या ताब्यातली. आठवड्याचा पीठ-साखर-चहाचा शिधा तो वाटणार, पाहुणा आला तर तो विचारणार, घराची झडती तो घेणार. या सगळ्यावर १८८३ साली स्थापन झालेलं ‘ॲबोरिजिन्स प्रोटेक्शन बोर्ड’. लोकांच्या तोंडी मात्र दोन्हींना ‘मिश’च. तेव्हा तुमच्या नातवाच्या वाक्यात मिशनरी किती आणि सरकारी कारकून किती, हे वेगळं काढावं लागतं. कारकून जास्त निघतात.

खऱ्या मिशनचंही एक उदाहरण देते, कारण त्यात आपल्याकडचा एक माणूस आहे. मरे नदीच्या काठी डॅनियल मॅथ्यूज नावाच्या गृहस्थाने १८७४ मध्ये मलोगा मिशन काढलं. तिथे मास्तर म्हणून आला थॉमस शॅड्रॅक जेम्स. मॉरिशसमध्ये जन्मलेला, मूळचा तमिळ ख्रिस्ती घरातला. १८८८ मध्ये लोक मॅथ्यूजचं मिशन सोडून शेजारच्या कमरागंजा वस्तीत गेले, तेव्हा मास्तरही गेला. त्याच लोकांतल्या मुलीशी त्याचं लग्न झालेलं, आणि तो चाळीसएक वर्षं शिकवत राहिला. त्याच्या हाताखालून गेलेली माणसं बघा. त्याचा मेहुणा विल्यम कूपर. याने म्हातारपणी थेट पंचम जॉर्ज राजाच्या नावे अर्ज केला, आमचा एक माणूस पार्लमेंटात असू द्या म्हणून. १,८१४ सह्या जमवल्या. तो अर्ज सरकारने राजाकडे पाठवलाच नाही. दुसरा डग निकोल्स, जो १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला. मॅनेजरच्या जाचाला कंटाळून फेब्रुवारी १९३९ मध्ये दोनएकशे माणसं नदी ओलांडून कमरागंजातून निघून गेली, तीही याच शाळेच्या गावातली. शाळेने लेखणी दिली ती अशी उपयोगी पडली. तुमच्या आईसारखीच.

पण त्याच भागातून मुलीही नेल्या. मार्गारेट टकर पुढे मोठी कार्यकर्ती झाली. १९१७ मध्ये तिला आणि तिच्या बहिणीला उचलून कूटामंड्राच्या मुलींच्या वसतिगृहात नेलं. हे नेणारं मिशन नव्हतं, बोर्ड होतं. त्याच्या हातात कायदा होता. १९०९ च्या कायद्यात निदान मॅजिस्ट्रेटपुढे सिद्ध करावं लागायचं की मूल हेळसांड झालेलं आहे. १९१५ च्या दुरुस्तीने तीही अट गेली. मुलाच्या नैतिक किंवा शारीरिक हितासाठी नेणं बरं, असं बोर्डाला वाटलं की पुरे. हरकत असेल तर आईबापांनी कोर्टात जावं. ज्यांना वस्तीबाहेर जायला मॅनेजरची परवानगी लागे, त्यांनी!

आणि ‘चोरी’ हा शब्द नातवाच्या बाईंनी काढलेला नाही. त्या दुरुस्तीवर चर्चा चालू असताना विधिमंडळातलेच एक सदस्य, मॅकगॅरी, म्हणाले होते की हे आईबापांकडून मूल चोरणं आहे. १९१५ साली.

धर्मसंस्था यात कोऱ्या राहिल्या असंही नाही. नाउराजवळ बॉमडेरी इथे ‘युनायटेड ॲबोरिजिन्स मिशन’चं बालगृह होतं, १९०८ पासूनचं. तान्ही बाळं आणि लहान मुलं तिथे. दहाएक वर्षांची झाली की मुली कूटामंड्राला, मुलगे केम्प्सीजवळच्या किंचेलाला. ही दोन्ही सरकारी. कूटामंड्राची इमारत म्हणजे जुनं हॉस्पिटल, १९११ पासून तिथे मुलींना धुणं, इस्त्री, स्वयंपाक, फरशी पुसणं शिकवून गोऱ्यांच्या घरी कामाला पाठवत. किंचेला १९२४ ते १९७०. तिथे मुलांना नावाऐवजी नंबर होते. सत्तरीतली माणसं माझ्या काउंटरवर आधी नाव सांगत आणि मग, विचारलं नसताना, नंबर.

एक प्रसंग सांगते, माणूस ओळखू येणार नाही एवढं बदलून. साठीचा गृहस्थ, बरोबर लेक. मी खोकं ठेवलं, फीत सोडून फाइल उघडून दिली आणि टेबलाच्या कडेला टिश्यूचा डबा सरकवला. तो सगळ्यांसाठी असायचा. पहिली पानं टाइप केलेली : वजन, देवीची लस, वर्तणूक ‘समाधानकारक’. मध्येच रूळ मारलेल्या वहीचा कागद, घडीवर विरलेला, पेन्सिलीने लिहिलेला. आईचं पत्र. मुलगा कसा आहे, त्याला बूट मिळाले का, नाताळला पाठवता का, आम्ही तिकिटाचे पैसे जमवले आहेत. वरच्या कोपऱ्यात लाल आवक शिक्का, तारखेसकट. म्हणजे पत्र पोचलं होतं. शिक्का मारणाऱ्याने वाचलं होतं, पुढच्या टेबलावर गेलं होतं, तिथल्याने निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती आणि ते फाइलला लावलं होतं. ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्यापर्यंत तेवढं गेलं नव्हतं. त्याला लहानपणी सांगितलं होतं, तुझी आई तुला विसरली. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग काउंटरवर येऊन म्हणाला, झेरॉक्स मिळेल का, दोन्ही बाजूंची. मागची बाजू कोरी होती. मी दोन्ही बाजूंची काढून दिली.

अशी पत्रं मी पुष्कळ बघितली. एकटं असं कधी नसायचं, दोन-तीन तरी असायची, दरवर्षी नाताळच्या आधीची.

तर ताई, तुमची आई बोर्डिंगात होती, पण तिला तिथे तुमच्या आजोबांनी नेऊन सोडलं होतं. दिवाळीला आणि उन्हाळ्यात ती घरी येत असणार. आजोबांच्या मनात आलं असतं तर मार्चमध्ये जाऊन ट्रंक उचलून घेऊन आले असते. मिशनने मन वळवलं असतं, रागावलं असतं, पण पोरगी दिली असती. कूटामंड्राच्या मुलीच्या बापाला ही सोय नव्हती. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर १९०५ च्या कायद्याने चीफ प्रोटेक्टर नावाचा एक अधिकारी सोळा वर्षांखालच्या प्रत्येक ॲबोरिजिनल मुलाचा कायदेशीर पालक झाला. आईबाप जिवंत, धडधाकट, शेजारी बसलेले. पालक पर्थच्या कचेरीत. १९३६ मध्ये वयाची मर्यादा एकवीसपर्यंत नेली. नातवाला हे सांगा. तो मिशनरी चांगले की वाईट असं विचारेल तेव्हा त्याला विचारा, त्या मुलाला घरी न्यायचा हक्क कुणाचा होता?

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मुलांना कपडे, अन्न, शिक्षण तर मिळालं ना? आईबाप व्यसनी, गरीब असतील तर सरकारने हात बांधून बसायचं का? आपल्याकडेही आदिवासी आश्रमशाळा आहेतच की.
— एक निवृत्त अभियंता, डोंबिवली

उत्तर : राग कसला. हा प्रश्न मला माझ्या सख्ख्या भावानेही विचारला होता, जेवताना.

काही मुलांची घरी खरंच आबाळ होती. कुठल्याही समाजात असते तशी. पण ती गरिबी आली कुठून, हेही फाइलींत सापडतं. न्यू साउथ वेल्समध्ये गोऱ्या पालकांनी तक्रार केली की ॲबोरिजिनल मुलांना सरकारी शाळेतून काढत. मुख्याध्यापकाला असा नकार देता येईल हे नियमांच्या पुस्तकातून गेलं १९७२ मध्ये. म्हणजे आधी शाळेतून काढायचं आणि मग शिकत नाही म्हणून घरातून काढायचं. शिक्षणाचं म्हणाल, तर ते मोलकरीण आणि शेतमजूर होण्यापुरतं होतं. मुलींच्या पगारातला किरकोळ खर्चीचा भाग हातात, बाकी बोर्डाकडे जमा. ती रक्कम पुष्कळींना कधी दिसलीच नाही. क्वीन्सलँडमध्ये अशाच अडवलेल्या पगारांचा सामूहिक दावा २०१९ मध्ये १९ कोटी डॉलरला मिटला.

आणि हेतू? तो लपवलेला नव्हता. एप्रिल १९३७ मध्ये बहुतेक राज्यांचे अधिकारी कॅनबेराला जमले आणि त्यांनी ठराव केला की मिश्र रक्ताच्या मूळनिवासींचं भवितव्य गोऱ्या समाजात विरघळून जाण्यात आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल त्यात पुढे होते. आश्रमशाळांवर माझ्याही तक्रारी आहेत, त्यावर वेगळा अंक काढावा लागेल. पण नंदुरबारच्या भिल्ल आईबापांचं मूल पुढच्या दोन पिढ्यांत भिल्ल राहू नये, असा ठराव करून त्या निघालेल्या नाहीत.

एक खटला सांगते. ब्रूस ट्रेव्हरो. (गेलेल्या माणसाचं नाव घेणं तिकडे पुष्कळ समाजांत टाळतात. पण हे नाव निकालपत्रात आहे, त्यांनी स्वतः लढून तिथे आणलेलं.) साउथ ऑस्ट्रेलियात कूराँगच्या खारपट्ट्यात, मेनिंगी गावाजवळ नरिंजेरी लोकांची वस्ती. १९५७ चा नाताळचा दिवस. तेरा महिन्यांच्या ब्रूसचं पोट बिघडलं. बापाकडे गाडी नव्हती, शेजाऱ्यांनी बाळाला ॲडलेडच्या मुलांच्या रुग्णालयात नेलं. तिथे नोंद झाली की बाळ टाकलेलं, उपाशी आहे. बाळ आठवड्याभरात बरं झालं आणि जानेवारीत एका गोऱ्या कुटुंबाला सांभाळायला देऊन टाकलं. आईला ना विचारलं, ना कळवलं. काही महिन्यांनी तिने त्या राज्याच्या बोर्डाला पत्र लिहिलं, बाळ कधी घरी पाठवता? बोर्डाने उत्तर दिलं, तब्येत सुधारते आहे पण डॉक्टर अजून सोडायला तयार नाहीत. बाळ तेव्हा सहा महिने दुसऱ्याच घरात होतं.

दहाव्या वर्षी ब्रूसला आईकडे परत आणलं. तोवर ना त्याला ती ओळखीची, ना तिला तो. बापही वारला होता. तिथे तो रुळला नाही, मग संस्था, दारू, आजारपण. त्याची सख्खी भावंडं त्याच गरिबीत, त्याच आईजवळ वाढली आणि पायावर उभी राहिली. न्यायाधीशांनी हीच तुलना केली. अभियंता आहात, तुम्हाला पटेल : माल एक, परिस्थिती एक, फरक एकाच गोष्टीचा. शिवाय बोर्डाला त्याच्याच सरकारी वकिलांनी आधी लेखी कळवलं होतं की असं मूल काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही. ऑगस्ट २००७ मध्ये कोर्टाने ५,२५,००० डॉलर भरपाई दिली. पुढच्या वर्षी जूनमध्ये ट्रेव्हरो वारले, पन्नाशीच्या सुरुवातीला. सरकारने अपील केलं होतं. ते २०१० मध्ये फेटाळलं गेलं.

प्रश्न : मी समाजकार्याचा विद्यार्थी आहे. आमच्या पणजोबांनी सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण आतून बघितलं. ऑस्ट्रेलियाचं वाचताना तेच वाचतोय असं वाटलं. ही तुलना बरोबर आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पुष्कळशी बरोबर आहे, आणि तुमच्याइतक्या अधिकाराने ती मला करता येणार नाही.

अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा तुम्हाला पाठ असेल, आणि सेटलमेंट म्हणजे त्यांना डांबायची कुंपणाची वस्ती हेही. १९११ च्या कायद्यातलं एक कलम मात्र लोक विसरतात. सहा ते अठरा वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळं करून सुधारशाळेत, उद्योगशाळेत ठेवायचा अधिकार सरकारला होता. न्यू साउथ वेल्सचा १९०९ चा कायदा, १९१५ ची दुरुस्ती, आणि मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झालेला हा १९११ चा. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना एकच भाषा : नैतिक हित, सुधारणा, शिस्त, कष्टाची सवय. तिकडे मुली गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात, इकडे कैकाडी, पारधी, भामटा घरांतली माणसं सोलापूरच्या गिरण्यांत. हजेरी दोन्हीकडे, बाहेर जायला पास दोन्हीकडे.

आणखी एक गोष्ट, वाईच्या ताईंनीही वाचावी अशी. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार काही वर्षं अमेरिकन मराठी मिशनकडे होता. नगरला शाळा काढणारं मिशन हेच. तीच माणसं, तीच प्रार्थना, तीच भाकरी वाढायची पद्धत असेल. पण एका ठिकाणी फाटक बाहेरून बंद होतं.

तुलना तुटते ती रक्तावर. सेटलमेंटवाल्यांनी तुमच्या पणजोबांना ‘गुन्हेगार’ ठरवलं, पण त्यांची जात नाहीशी व्हावी अशी योजना आखली नव्हती. कॅनबेरात ती कागदावर होती. दुसरा फरक तारखांचा. तुमच्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ ला तारा तुटल्या, निदान कायद्याने. न्यू साउथ वेल्समध्ये त्या बोर्डाचं १९४० मध्ये फक्त नाव बदललं, ‘वेलफेअर बोर्ड’ झालं, आणि ते चाललं १९६९ पर्यंत. पणजोबांबद्दल कुणी बोलणारं घरात अजून असेल तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. शब्दांसकट. सेटलमेंटला ते ‘शेटलमेंट’ म्हणत असतील तर तसंच लिहा, सुधारू नका.

प्रश्न : पंतप्रधानांनी माफी मागितली असं वाचलं. मग हे थांबलं का? आणि आम्ही जानेवारीत सिडनीला जातो आहोत, काही बघण्यासारखं?
— एक दांपत्य, औंध, पुणे

उत्तर : माफी १३ फेब्रुवारी २००८ ला, केव्हिन रड यांनी, पार्लमेंटात. त्याआधी अकरा वर्षं, मे १९९७ मध्ये, या तोडलेल्या मुलांबद्दलच्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल आला होता. ५३५ जणांची साक्ष आणि निष्कर्ष असा की १९१० ते १९७० मध्ये दहात एक ते तिनात एक ॲबोरिजिनल मूल घरातून नेलं गेलं. वाईच्या नातवाचा २६ मे हा त्या अहवालाचा दिवस. न्यू साउथ वेल्सने भरपाई सुरू केली २०१७ मध्ये, हयात असलेल्यांना प्रत्येकी ७५,००० डॉलर. किती जण तोवर थांबले नाहीत, ते आमच्या वाचनकक्षाला ठाऊक. दरवर्षी ओळखीचे चेहरे कमी व्हायचे.

थांबलं का, तर नाही. आता कायदा रंग बघत नाही, मूल नेलं तरी आधी नातेवाइकांकडे, मग आपल्या समाजात द्यावं असं तत्त्व कायद्यात आलं आहे. तरीही घराबाहेर ठेवलेल्या मुलांचं ॲबोरिजिनल समाजातलं प्रमाण इतरांच्या दहापटीहून जास्त आहे. २०१४ मध्ये गनेडा गावच्या आज्यांनी एकत्र येऊन संघटना काढली, नावच ‘ग्रँडमदर्स अगेन्स्ट रिमूव्हल्स’. नातवंडं नेऊ नका म्हणणाऱ्या आज्या. फाइलींमधली पत्रं लिहिणाऱ्यांच्या या नाती.

बघायचं म्हणाल तर ऑपेरा हाउस तुम्ही बघालच. बोलताना ‘नेटिव्ह’, ‘ॲबोरिजिन’ हे शब्द टाळा, ‘हाफ-कास्ट’ तर चुकूनही नको. माणसाच्या गोऱ्या रंगावर “पण तुम्ही तसे दिसत नाही” असंही म्हणू नका. आपले लोक हे हमखास म्हणतात, प्रेमाने म्हणतात, आणि समोरच्याचं आख्खं बालपण त्या एका वाक्यात आलेलं असतं. आणि सेंट्रल स्टेशनला जाल तेव्हा एक नंबरच्या प्लॅटफॉर्मवर जरा थांबा. कूटामंड्राच्या आणि किंचेलाच्या गाड्यांत मुलांना बसवायचे ते याच स्टेशनवर, त्याचा फलक २०१८ मध्ये तिथे लावला आहे. वाईच्या ताईंनीही पुढच्या खेपेस नातवाला घेऊन जावं. फलक त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा, इंग्रजी त्याचं आपल्याहून बरं असणार.